सोमारीला सांगायचं काम

सोमारी बाजारातून परत आली तेव्हा तिच्या कडेवर पोर नव्हतं.

रुखमा अंगणात चटईवर सुकत घातलेली मासळी उलथत होती. दुपार कलली होती. सोमारीनं डोक्यावरचं रिकामं टोपलं उतरवलं, पदरानं तोंड पुसलं आणि ती ओसरीवर बसली. लांबून चालून आलेल्या बाईच्या तोंडावर असतो तेवढा शीण तिच्या तोंडावर होता, बाकी काही नव्हतं. रुखमाला वाटलं, आठ महिन्यांच्या लच्छूला चैतूनं घेतलं असेल. चैतू म्हणजे सोमारीचा नवरा, रुखमाचा धाकटा दीर. तो तलावावर होता आणि बाजाराची वाट तलावाच्या पाळीवरूनच, मातीच्या बांधावरूनच, येत होती.

"लच्छूले भाऊजीजवळ देल्लं का?" रुखमानं विचारलं.

"हो," सोमारी म्हणाली.

रुखमा पुन्हा मासळीकडे वळली. थोड्या वेळानं चैतू आला. त्याच्या खांद्यावर ओलं जाळं होतं आणि दोन्ही हात रिकामे होते.

बाजाराचं गाव गोंडपिपरी; तिथून दोन कोसांवर तलावाच्या काठाला ही ढिवरांची, मासेमारांची, टोली होती. मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारचा झाला, पण मासे ढिवरांनीच धरायचे आणि बायकांनी ते बाजारात न्यायचे, हे काही बदललं नव्हतं. रुखमाचा नवरा खुशाल थोरला, चैतू धाकटा. सासू-सासरे गेल्यापासून घराचं सगळं रुखमाच्या अंगावर होतं: तिची स्वतःची तीन पोरं, नवरा, दीर, आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सोमारी.

सोमारी विशीची असेल, पण उंचीनं बारा-तेरा वर्षांच्या पोरीएवढी होती. डोकं लहान, डोळे बारीक, वरचा ओठ रेघ ओढल्यासारखा पातळ, आणि नाकाखाली जी खाच असते ती जवळजवळ नव्हतीच. स्वभावानं गोड होती. कोणीही हाक मारली की हसून जवळ जायची. लग्नानंतरचे पहिले काही दिवस टोलीतल्या बायका म्हणायच्या, चैतूचं नशीब चांगलं, बायको उलटून बोलत नाही.

मग हळूहळू दिसायला लागलं. आज सांगितलेलं काम ती आज नीट करायची आणि उद्या तेच काम कधी ऐकलंच नव्हतं अशी उभी राहायची. भाजीत मीठ घातलं की नाही हे तिला आठवत नसे, म्हणून ती पुन्हा घाली. पाणी आणायला जाई आणि वाटेत कोणी बोलावलं की त्याच्या घरी जाऊन बसे; घागर विहिरीवरच राही. टोलीतले लोक तिला आळशी म्हणायचे, खोटारडी म्हणायचे. रुखमानंही म्हटलं होतं. पहिलं वर्ष तर तिनं जवळजवळ ओरडण्यातच घालवलं. ओरडून काही होत नाही हे तिला समजलं, ते शहाणपणानं नव्हे, घसा बसल्यावर. मग ती रोज सकाळी सोमारीजवळ बसून त्याच क्रमानं तीच कामं सांगायला लागली. एक झालं की दुसरं. लच्छू झाल्यावर त्यात लच्छूची कामं वाढली. ऊन ओसरीवर आलं की आधी पोराला पाज, मग चुलीकडे जा. रोज. आठ महिने रोज.

बाजारालाही रुखमा नेहमी तिच्यासोबत जायची. पण त्या दिवशी रुखमाच्या धाकट्या पोराला ताप होता. शेजारची आशाबाई म्हणाली, मी नेते हिला. रुखमानं होकार दिला आणि सोमारी पाळीच्या वळणाआड गेल्यावर तिला वाटलं, आज दिवसभर कोणाला काही सांगायचं नाही. ती आजारी पोराजवळ आडवी झाली आणि कितीतरी दिवसांनी सकाळच्या वेळी झोपली.

"लच्छू कुठी हाय?" चैतूनं विचारलं.

"आशाबाईजवळ," सोमारी म्हणाली.

नुकतीच बाजारातून परतलेली आशाबाई तिच्या दारातून धावतच आली. "माह्याजवळ? माय वो! बाजार ऐन भरात होता तवाच ही उठून गेली. आमाले वाटलं, पुढं घरी निघून आली."

"कुठी ठेवलं पोट्टं?" चैतूचा आवाज चढला. आजूबाजूच्या घरांतून माणसं यायला लागली. "बोल ना! वाटंत टाकलं का? नाल्यात टाकलं का?"

"हो," सोमारी म्हणाली.

"नाल्यात?"

"हो, नाल्यात."

बायकांनी तोंडावर पदर धरले. दोन-तीन गडी नाल्याच्या दिशेनं पळाले. चैतूनं सोमारीच्या थोबाडीत मारली आणि पुन्हा हात उचलला. रुखमानं तो वरच्या वर धरला.

"थांबा भाऊजी. कोनी तिले काई विचारू नका."

"तिच्या तोंडानं सांगून राह्यली ना ती!"

"ती काईबी सांगते. जाळ्याचं आठवते का?"

जाळ्याचं सगळ्यांना आठवत होतं. उन्हाळ्यात खुशालचं मोठं जाळं दिसेना. चुलीत घातलं का, असं खुशालनं सोमारीला दरडावून विचारलं, तर ती हो म्हणाली. कधी, तर काल. कशाला, तर जळण नव्हतं. खुशालनं तिला घराबाहेर काढायचंच बाकी ठेवलं होतं. नंतर त्याच्याच ध्यानात आलं की जाळं त्यानं दुरुस्तीला दिलं होतं. तेव्हा रुखमानं ओळखलं की समोरच्याला जे ऐकायचं असतं ते सोमारी देऊन टाकते. त्यात तिला खोटं बोलल्यासारखं वाटतच नाही. कोणी रागानं विचारलं तर राग थांबावा म्हणून, आणि कोणी मायेनं विचारलं तर माया राहावी म्हणून.

खुशाल म्हणाला, "तरी नाला पाहावाच लागन."

"तुमी पाहा. मी हिले घेऊन बाजारात जाते."

रुखमानं रिकामं टोपलं सोमारीच्या डोक्यावर ठेवलं. एका जुन्या लुगड्याचं गाठोडं केलं आणि जसं पोर देतात तसं तिच्या कडेवर दिलं.

"चाल सोमारी, बाजारात जाऊ."

"आताच तं आली मी."

"पुन्हा जाऊ."

सोमारी निघाली. तिला कारण लागत नसे.

रुखमा तिच्यामागून चालत राहिली. तिनं ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. विचारलं की सोमारी उत्तर बनवेल आणि त्या उत्तराखाली खरं काय झालं ते बुजून जाईल. वाटेवर धानाच्या बांध्या कापून झाल्या होत्या, नुसती धसकटं उभी होती. रुखमा दोन्ही बाजूंना बघत होती. लच्छूच्या अंगावर तांबडं फडकं होतं. पळसाखाली, बांधाच्या आड, खड्ड्यात, कुठंही तांबडं दिसतं का ते ती बघत होती. तिचे पाय दुखत होते. घरी तापलेलं पोर होतं. आणि चालता चालता तिच्या मनात असं आलं की लच्छू सापडला नाही तर सोमारीला कोणी या घरात ठेवणार नाही, मग उद्यापासून सकाळी कोणाजवळ बसावं लागणार नाही. हे मनात आल्यावर ती वाटेत थांबली.  पोर आठ महिन्यांचं होतं आणि त्याचं पहिलं न्हाणं तिनंच घातलं होतं.

"बाई, काऊन थांबली?" पुढून सोमारीनं विचारलं.

"काई नाई. चाल."

त्या पोचल्या तेव्हा बाजार उठत होता. गाड्या जुंपल्या जात होत्या, व्यापारी पालं सोडत होते. सोमारी थेट मासळीच्या ओळीत गेली आणि सकाळी बसली होती तिथं बसली. टोपलं पुढ्यात, गाठोडं मांडीवर. रुखमा बाजूला उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग सोमारी उठली आणि कांदे-मिरच्यांच्या पालांवरून डावीकडे वळली. पुढं थोडी मोकळी जागा होती. तिथं माणसांनी तुडवलेली माती होती आणि मधोमध डोंबाऱ्यानं ठोकलेल्या मेखांची भोकं होती.

सोमारीचं तोंड बदललं. तिनं खांदे वर ओढले. दोन्ही हात कानांवर न्यायला गेली, तर कडेवरचं गाठोडं घसरलं. तिनं ते सावरलं, इकडं-तिकडं पाहिलं आणि झपाझप चालायला लागली.

तेव्हा रुखमाला कळलं. डोंबाऱ्याचा ढोल. सोमारीला ढोल सोसत नसे. लग्नात वाजंत्री वाजली तेव्हाही ती मांडवातून उठून गेली होती. कानांवर हात ठेवायला हात मोकळे हवेत, आणि हातात पोर होतं.

बाजाराच्या टोकाला बुरडांची जागा होती. सूप, टोपली, धान ठेवायच्या ढोल्या, सगळं गाडीवर चढून गेलेलं होतं. एकच म्हातारी बाई एका मोठ्या टोपल्याला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर तांबड्या फडक्यात लच्छू होता. ती कापडाची वात दुधात भिजवून त्याच्या तोंडाला लावत होती.

सोमारीनं लुगड्याचं गाठोडं म्हातारीसमोरच्या टोपल्यात अलगद ठेवलं, दोन्ही हात कानांवर घेतले आणि मग तिला लच्छू दिसला.

"हा इथी होता," ती आनंदानं म्हणाली.

"आली का आता!" म्हातारी कडाडली. "माह्या टोपल्यातून रडू आलं. मले वाटलं मांजर शिरली. पाह्यते तं लेकरू! अख्खा बाजार हिंडून विचारलं, कोनाचं हाय, कोनाचं हाय. गाडी निघून गेली, माही मानसं गेली. दिस बुडताबुडता पाटलाकडे नेनार होती मी."

सोमारीनं पोर घेतलं, तिथंच मातीत बसली आणि त्याला पाजायला लागली. रुखमा म्हातारीजवळ खाली बसली.  म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, मग सोमारीकडे पाहिलं, सोमारीचं तोंड नीट न्याहाळलं आणि तिचा आवाज खाली आला.

"कोन तुही?"

"जाऊ हाय."

"हिले एकटी नको सोडू बाई."

म्हातारीचं नाव भागीरथा होतं. तिनं आपल्या लोट्यातलं पाणी रुखमाला दिलं. रुखमानं तिचं घर कुठं ते विचारून घेतलं, तिच्या पायांना हात लावला आणि दोघी पोर घेऊन निघाल्या. सगळी वाट लच्छू रुखमाच्या कडेवर होता.

दुसऱ्या दिवशी खुशालनं निकाल दिला. सोमारीला तिच्या आईकडे पोचवायचं. पोर इथंच राहील. शेळीचं दूध आहे, पेजही खातं. चैतू मान खाली घालून बसला होता. त्याला दुसरी बायको करायची होती हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू पोचवून ये," खुशाल रुखमाला म्हणाला. "तुह्यासोबत ती बिनबोभाट जाईन."

रुखमा नाही म्हणाली नाही. खरं तर तिला हलकंच वाटलं. निकाल तिनं दिला नव्हता, आणि तरी तिला हवा तोच लागला होता.

सोमारीचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीच्या अलीकडच्या जंगलात होतं. आष्टीसमोरच्या अलीकडच्या घाटापर्यंत एका बैलगाडीत जागा मिळाली. तिथून डोंग्यानं नदी ओलांडायची आणि मग पायी. सोमारीला सांगितलं होतं की आईला भेटायला जायचं आहे. ती खूश होती, पण गाडी टोलीबाहेर पडल्यापासून विचारत होती.

"लच्छू कुठी हाय?"

"घरी हाय."

"कोनाजवळ?"

"आशाबाईजवळ."

थोडं अंतर गेलं की पुन्हा. "बाई, लच्छू कुठी हाय?"

"घरी हाय, आशाबाईजवळ."

डोंग्यात बसल्यावर पुन्हा. रेतीतून चालताना पुन्हा. गाडीवाल्याला पहिल्यांदा हसू आलं होतं, मग तो वैतागला होता. रुखमा वैतागली नाही. वैतागायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. ती तेच शब्द त्याच आवाजात देत राहिली. दुपारपर्यंत सोमारीच्या चोळीवर दुधाचे डाग पसरले. ती मधूनच छातीवर हात दाबायची आणि विचारायची, आणि रुखमा समोर बघून उत्तर द्यायची.

ऊन उतरता त्या पोचल्या. सोमारीची आई देवकाबाई गावाच्या कडेला एकटीच राहत होती. एका खोलीचं घर, कुडामातीच्या भिंती, परसात मोहाची भट्टी. घरात शिरताच मोहाचा आंबूस वास डोक्यात गेला. देवकाबाई फार म्हातारी नसावी, पण हात थरथरत होते आणि डोळे पिवळे पडले होते. लेकीला पाहून ती रडली, हसली, तिला जवळ घेऊन बसली, आणि पहिली गोष्ट काय केली तर मडक्यातून वाटीभर दारू ओतून तिच्या हातात दिली.

"घे माय. थकली असशील."

सोमारीनं वाटी तोंडाला लावली. रुखमानं ती हातातून काढून घेतली.

"आमच्या घरी तिले देत नाई."

"काऊन?"

"तिले सोसत नाई. लग्नात कोनी पाजली तं दोन दिवस उठली नाई. मंग मीच कोनाले देऊ देल्ली नाई."

 देवकाबाईनं हळू आवाजात विचारलं, "पोटुशी होती तवाबी नाई?"

"नाई."

"आन् पोट्टं कसं हाय?"

"चांगलं हाय. रांगते. नाव घेतलं तं वळून पाह्यते."

"तोंड? तोंड कसं हाय त्याचं?"

"चैतूसारखं हाय. चांगलं हाय, सांगतलं ना."

देवकाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही. सोमारी परसातल्या कोंबड्यांमागे गेली. तिचं हसणं आत ऐकू येत होतं.

रुखमाच्या मनात दोन वर्षं साचलेलं होतं ते आता बाहेर आलं. "लग्नाच्या टायमाले सांगतलं काऊन नाई तुमी? आमाले फसवलं."

"सांगतलं असतं तं नेली असती का?"

रुखमानं हातातली वाटी खाली ठेवली.

"मले दोन पोट्टे झाले होते हिच्या आधी," देवकाबाई सांगायला लागली. ती रुखमाकडे नव्हे, चुलीकडे बघत होती. "दोघंबी धडधाकट. एक तापानं गेला, एक तिकडं तेलंगी मुलखात मजुरीले गेला, तिकडचाच झाला. ही पोटात आली तवा आमी कलालाच्या भट्टीवर होतो. धान नव्हतं त्या साली. कलाल मजुरीच दारूत देई. मी सकाळीबी प्याली, सांजेलेबी प्याली. मोहानं भूक मरते ना बाई. पोटात पोर हाललं की अजून एक घोट घे, गप होई. ही जन्मली तं ओंजळीत मावली. रडलीबी नाई धड. सासू म्हने, दारूनं पोर वाळवलं. बाकीचे म्हनत गरहन लागलं, कोनी म्हने जंगलातलं काई लागलं. वैदू झाले, देव झाले. कोनाले काय ठावं! मलेबी ठावं नाई. पन सासूचं बोलनं कानातून जात नाई."

"मंग अजून काऊन पिता?"

"कानातून जात नाई म्हनून."

चुलीतलं लाकूड सरकवून ती पुन्हा म्हणाली, "तिले मारू नको बाई. तिले समजते सारं, पन राहत नाई. आज भरलं तं सकाळी रिकामं."

"मी मारत नाई. थकली पन मी आता."

"मीबी थकली होती. कामाले जायची तवा त्या खांबाले बांधून जायची मी तिले. लगनापर्यंत."

रुखमानं खांबाकडे पाहिलं. साधा सागाचा खांब होता. कमरेच्या उंचीवर दोरीनं घासून घासून एक गुळगुळीत पट्टा पडला होता. तिनं पुन्हा तिकडं बघितलं नाही. इथं सोमारीला ठेवलं तर काय होईल ते तिला समोर दिसत होतं: सकाळी वाटी, दिवसभर दोरी. आणि तरी तिनं मनाशी ठरवलं की उद्या सकाळी सोमारी उठायच्या आत निघायचं. आई आहे. आईच्या घरी लेक राहते. त्यात कोणाचा काय दोष.

सकाळी तिला जाग उशिरा आली, अंगच उठेना. बाहेर ऊन आलं होतं. सोमारी जागेवर नव्हती. रुखमा दाराशी आली तर सोमारी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसलेली. चोळीची गाठ सोडलेली, डावा हात वाकवून मांडीवर धरलेला, जसा पोराचं डोकं ठेवायला धरतात.

"बाई," ती म्हणाली, "ऊन आलं. लच्छूले आन ना. आधी त्याले पाजू, मंग चुलीकडे जाऊ."

रुखमा तिथंच उभी राहिली. हे तिचेच शब्द होते, त्याच क्रमानं. घर दुसरं होतं, ओसरी नव्हती, पोर नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. आठ महिने रोज सकाळी जे सांगितलं त्यातलं एवढं एक सोमारीच्या आत जाऊन बसलं होतं. राहत नाही म्हणतात, पण हे राहिलं होतं.

तिला आधी रडू आलं नाही, रागच आला. एवढे दिवस घासून घासून जे एक काम या बाईच्या अंगी लागलं, ते इथं मडक्यात बुडवायला सोडून जायचं? मग चैतू दुसरी आणेल, आणि तिच्या बाळंतपणाची धुणी कोण धुणार? तीही रुखमाच. नंतर, तोंड धुताना, तिला रडू आलं. तिनं ते पाण्याबरोबर पुसून टाकलं.

"ऊठ," ती सोमारीला म्हणाली. "लच्छूकडे जाऊ."

देवकाबाई दारात आली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिनं मोहाच्या वाळलेल्या फुलांचं गाठोडं रुखमाला द्यायला काढलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते परत आत ठेवलं आणि दोन कोंबडीची अंडी पळसाच्या पानात बांधून दिली.

"पोट्टं एकदा घेऊन येजो," ती म्हणाली.

"येईन. पन मडकं दिसलं तं उंबऱ्यावरूनच वापस जाईन."

देवकाबाईनं मान हलवली. ती हो होती की नाही ते रुखमाला कळलं नाही.

टोलीत दोघी परत आलेल्या पाहून चैतू तावातावानं उठला. खुशालनं रुखमाला आत बोलावलं. ती आत गेली नाही. अंगणातच, आशाबाईच्या देखत, लच्छूला सोमारीच्या मांडीवर देऊन ती बोलली.

"मी हिले तिथी ठेवत नाई. आन् इथी ठेवली म्हनून मी एकटीनं करत बी नाई. तुमी दोघं ऐकून घ्या. सकाळचं मी सांगीन. दुपारपासून भाऊजी, तुमी सांगा. तुमची बायको हाय. तलावावर नेजा, जाळं धराले लावजा, पन तिच्यासोबत राहजा. बाजाराले कोनी ना कोनी सोबत जाईन आन् पोट्टं सोबतच्या बाईजवळ राहीन. हे जमत नसन तं मी माह्या पोराईले घेऊन माहेरी जाते. मंग करा तुमी तुमचं."

"मले नाई जमत तिले सांगनं," चैतू म्हणाला. "एकच एक किती डाव सांगाव?"

"मलेबी जमत नव्हतं."

खुशालनं बायकोकडे पाहिलं. तिनं घर सोडायची गोष्ट आजवर कधी केली नव्हती. तो चैतूला म्हणाला, "पाह्य जमते का."

जमलं असं म्हणता येणार नाही. पहिला महिना चैतूनं ओरडण्यात घालवला, रुखमानं वर्ष घालवलं होतं तसाच. एकदा त्यानं सोमारीला पाळीवर बसवलं आणि विसरून घरी आला. रुखमा मुकाट्यानं जाऊन तिला घेऊन आली. उन्हाळ्यात सोमारीच्या हातून चुलीतला निखारा कुडाजवळ पडला आणि अर्धी भिंत जळाली. दुसऱ्या बायकोचा विषय दर उन्हाळ्यात निघायचा आणि पाऊस लागला की मागे पडायचा. पण एक गोष्ट चैतूलाच समजली. जाळ्यात अडकलेली बारीक मासळी काढायचं काम सोमारी संध्याकाळपर्यंत न कंटाळता करते, आणि त्यात तिला काही सांगावं लागत नाही. तो ते काम तिलाच द्यायला लागला. पाळीवर ढोल नव्हता, गर्दी नव्हती. तिथं ती कमी चुकायची. लच्छू चालायला लागला तेव्हा चैतूनं त्याच्या कमरेला घुंगरू बांधलं, आणि तो लांब गेला की सोमारी मान वर करून बघायची. बहुतेक वेळा.

देवकाबाईकडे त्या एकदाच गेल्या. मडकं दिसलं नाही, वास होता. रुखमा आत गेली.

मग एका दुपारी, पोरं शाळेत आणि खुशाल गावाला गेलेला, रुखमा ओसरीवर टेकली आणि तिचे डोळे मिटले. अंगणातून चैतूचा आवाज येत होता.

"घागर घे. विहिरीवर जा. घागर भर. वापस ये."

सोमारीनं काहीतरी विचारलं.

"घागर," चैतू म्हणाला. आवाजात वैताग होता. "घागर घे. मी चालतो सोबत, चाल."

तिसऱ्यांदा तो तेच सांगत होता आणि चुकीच्या क्रमानं सांगत होता. आधी चुंबळ द्यायची असते डोक्यावर, मग घागर. रुखमाला उठून सांगावंसं वाटलं. ती उठली नाही.